इक्वलायझर लावावा का? लावा, पण पट्ट्या आधी खाली ओढा

सरळ उत्तर आधी देतो, ज्यांना एवढंच हवंय ते इथूनच परत जाऊ शकतात. इक्वलायझर म्हणजे आवाजातले खालचे, मधले, वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय. तो लावायला काही हरकत नाही, फक्त वाढवण्यासाठी कमी आणि कापण्यासाठी जास्त वापरायचा. आपल्याकडे होतं काय, अॅप उघडलं की लोक पहिली पट्टी वर, शेवटची पट्टी वर, मधल्या खाली असा व्ही काढतात, दोन मिनिटं "नाद खुळा" म्हणतात आणि अर्ध्या तासात कान दुखायला लागला की हेडफोनला शिव्या घालतात.

दुसरीकडे एक शुद्धतावादी गट आहे, सांगली-मिरजेत तर गाणं ऐकणाऱ्यांची खाणच, त्यामुळे हा गट इथं जरा जास्तच भेटतो. त्यांचं म्हणणं, "कलाकारानं जसं गायलं तसंच ऐकायचं, मध्ये कशाला हात घालायचा?" ऐकायला बरं वाटतं, पण मुळात "जसं गायलं तसं" तुमच्यापर्यंत कधी येतच नाही. माइकचा स्वतःचा कल असतो, रेकॉर्डिंग करणाऱ्यानं मिक्सिंगमध्ये प्रत्येक वाद्याला इक्वलायझर लावलेला असतो, मास्टरिंगमध्ये पुन्हा एकदा. आणि ज्या काळ्या तबकड्यांना हे लोक शुद्ध म्हणतात त्यांचं काय? १९५४ पासून सर्रास वापरात आलेल्या आरआयएए कर्व्ह नावाच्या ठरलेल्या नमुन्याप्रमाणे तबकडी कोरतानाच बास (खालचे सूर) दाबतात आणि ट्रेबल (वरचे सूर) वाढवतात, २० हर्ट्झला (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आकडा मोठा तितका सूर वरचा) जवळजवळ २० डीबी (आवाजाच्या पातळीचं माप) कमी आणि २० हजारला तेवढंच जास्त, आणि तुमच्या अॅम्प्लिफायरचा तबकडीसाठीचा फोनो भाग ते बरोबर उलटं करतो. म्हणजे इक्वलायझर नसता तर एलपी ऐकताच आली नसती. बरं, सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात पुढच्या रांगेत बसून ऐकलेलं नाट्यगीत आणि मागच्या भिंतीला टेकून ऐकलेलं तेच नाट्यगीत, यातलं मूळ कुठलं?

पण दुसरी बाजूही खरी आहे. वेडीवाकडी सेटिंग करून चांगल्या हेडफोनची वाट लावणारेच जास्त. म्हणून खाली क्रमानं सांगतोय. पायऱ्या उड्या मारून करू नका, कारण पहिल्या पायरीतच निम्म्या लोकांचं काम होतं आणि इक्वलायझर लागतच नाही.

आधी सगळं बंद करा

फोनमध्ये आवाजाशी खेळणाऱ्या गोष्टी किती असतात ते एकदा मोजाच. फोनच्या सेटिंगमध्ये डॉल्बी अॅटमॉस किंवा कंपनीचं काहीतरी साउंड इफेक्ट, गाण्याच्या अॅपमध्ये वेगळा इक्वलायझर, बड्सच्या अॅपमध्ये तिसरा, आणि स्पीकर असेल तर त्याच्यावर बास बूस्टचं बटण. हे चारही एकावर एक चढलेले असतात आणि कोण काय करतंय कळायला मार्ग नसतो. सगळे बंद, सगळं फ्लॅट. शेवटी एकाच ठिकाणी इक्वलायझर लावायचा. त्यातही निवड असेल तर बड्सच्या स्वतःच्या अॅपमधला बरा, कारण ती सेटिंग बहुतेक बड्समध्येच साठते, मग तुम्ही तोच बड लॅपटॉपला लावा नाहीतर बायकोच्या फोनला, आवाज तोच राहतो.

आता बड्सचं रबर. हसू नका, सगळ्यात मोठा इक्वलायझर हाच आहे. कानात घालायच्या बड्सना बास तेव्हाच येतो जेव्हा कानाचं भोक पूर्ण बंद होतं, थोडी जरी फट राहिली तरी खालचा आवाज निसटून जातो आणि उरतो तो चिरका ट्रेबल. डब्यात तीन मापांची रबरं येतात, लोक मधलं लागलेलं असतं तेच आयुष्यभर वापरतात, बाकीची दोन ड्रॉवरमध्ये हरवतात. तपासायची पद्धत सोपी आहे. बास असलेलं गाणं लावा आणि दोन्ही बड्स बोटानं हलकेच आत दाबा, दाबल्यावर बास एकदम वाढला तर तुमचं रबर लहान आहे. मोठं लावून बघा. दोन्ही कानांची मापं वेगळी असू शकतात, उजव्यात मध्यम आणि डाव्यात मोठं, त्यात काही विचित्र नाही. आणि जाळीवरचा मळ कोरड्या मऊ ब्रशनं काढा, एका बाजूचा आवाज बारीक झाला की तो शंभरातल्या नव्वद वेळा मळच असतो.

हेडफोन असेल तर चष्म्याच्या काड्यांनी गादी उचलली जाते का ते बघा, तिथंही हीच फट.

स्पीकरवाल्यांचं प्रकरण मोठं आहे, त्यासाठी जरा थांबून सांगतो.

खोली, कोपरा आणि शोकेसची काच

आपल्याकडच्या हॉलचा नमुना ठरलेला असतो. खाली टाइल्स, वर स्लॅब, तीन बाजूंनी प्लास्टरच्या भिंती, एका बाजूला शोकेस. त्या शोकेसच्या शेजारच्या कोपऱ्यात होम थिएटरचा वूफर, म्हणजे बासचा स्पीकर, सरकवलेला, कारण दुसरीकडे ठेवला तर झाडू मारायला अडचण होते. कोपऱ्यात ठेवला की बास फुगतो, हे कुठल्याही वूफरचं होणार, त्याला दोन भिंती आणि जमीन मिळून जोर मिळतो.

वर आणखी एक गोष्ट. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ठरावीक सूर अडकून घुमतात. हिशोब तोंडी करता येतो, ५६५ ला खोलीच्या फुटांमधल्या लांबीनं भागा, जो आकडा येईल तेवढ्या हर्ट्झला खोली घुमते. १२ फूट लांबीला साधारण ४७, १० फूट रुंदीला ५६ च्या आसपास. आणि छतही १० फुटांवर असेल तर तेच ५६ पुन्हा, म्हणजे दोघं मिळून त्याच सुराला ढकलणार. मग काय होतं, बासचा एखादाच सूर भूतासारखा ढम्म वाजतो आणि शेजारचे सूर गायब.

यावर उपाय करायचा क्रम असा. पहिलं, वूफर कोपऱ्यातून हात-दीड हात बाहेर काढा आणि ऐका. मग बसायची जागा बदला, पाठ भिंतीला चिकटून बसला असाल तर कोच थोडा पुढे ओढा, भिंतीजवळ बास नेहमी जास्तच असतो. टाइल्सवर सतरंजी टाका, खिडकीला जाड पडदा लावा. खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा, टर्रर्र असा मागून आवाज आला तर भिंती नागड्या आहेत, तिथं गोधडी टांगा, पुस्तकांचं कपाट ठेवा, काहीही, पण सपाट भिंत मोडा. सतरंजी-पडद्यानं ४७ हर्ट्झचं घुमणं जात नाही हे लक्षात असू दे, त्यानं वरचा आणि मधला कर्कशपणा जातो, शब्द कळायला लागतात.

हे सगळं करून जे उरेल त्याला इक्वलायझर. टोन जनरेटरचं एखादं फुकट अॅप घ्या, ३० हर्ट्झपासून सावकाश १५० पर्यंत सूर चढवत न्या, आवाज बेताचा ठेवा. जिथं एकदम ढम्म होईल तो आकडा लिहा. हे करताना घरातली कुठली वस्तू कुठल्या सुराला थरथरते तेही सापडतं. शोकेसची काच, मांडणीवरचं एखादं स्टीलचं ताट, खिडकीची कडी. लोक वूफर खराब झाला म्हणून रिपेअरवाल्याकडे नेतात आणि वाजत असते काच, तिथं कागदाची घडी खोचली की काम झालं.

सापडलेल्या आकड्यावर अरुंद काप द्या, ५-६ डीबी खाली. आणि सूर चढवताना मध्येच आवाज नाहीसा झाला असेल तर ती जागा इक्वलायझरनं भरायला जाऊ नका, तिथं भिंतीवरून परत आलेला आवाज मूळ आवाजाला मारतोय, तुम्ही जेवढं वाढवाल तेवढाच मारही वाढणार. तिथं स्पीकर नाहीतर कोच हलवणं एवढाच इलाज.

हत्यार कुठलं घ्यायचं

इक्वलायझर दोन जातीचे. एक ग्राफिक, म्हणजे ठरलेल्या जागी सरकपट्ट्या. दुसरा पॅरामेट्रिक, ज्यात जागा, उंची आणि रुंदी तिन्ही तुम्ही ठरवता. हा दुसरा प्रकार आणि त्याचं हे नाव जॉर्ज मॅसेनबर्ग या अमेरिकन इंजिनियरच्या १९७२ च्या पेपरमुळे माहीत झालं आणि आजही स्टुडिओत हाच चालतो.

बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये जो पाच पट्ट्यांचा असतो त्याच्या जागा साधारण ६०, २३०, ९१०, ३६०० आणि १४००० हर्ट्झ. आता शेवटच्या दोघांमधलं अंतर बघा. ३६०० ते १४००० च्या मध्ये काहीच नाही, आणि गायकाचा "स" आणि "श" टोचतो तो नेमका याच पट्ट्यात, ५ ते ८ हजारच्या आसपास. म्हणून पाच पट्ट्यांवर कितीही वेळ घालवला तरी टोचणारा "स" नीट जात नाही, एकतर शब्दांची स्पष्टता जाते नाहीतर टाळ-झांजेची चमक जाते. दहा पट्ट्यांचा असेल तर ३१ पासून दुप्पट-दुप्पट करत १६ हजारपर्यंत जागा मिळतात, ते बरंच बरं.

अँड्रॉइडवर वेव्हलेट नावाचं अॅप आहे, त्यात हजारो हेडफोनच्या तयार दुरुस्त्या येतात. त्या दुरुस्त्या ऑटोइक्यू नावाच्या मुक्त प्रकल्पातून येतात, कुणीतरी कृत्रिम कानावर हेडफोन मोजलेला असतो आणि ठरावीक टार्गेटपर्यंत, म्हणजे चांगला मानलेल्या आवाजापर्यंत, आणायला काय लागेल ते त्यात काढलेलं असतं. पैसे खर्च करायची तयारी असेल तर पॉवरॅम्पमध्ये पॅरामेट्रिक मिळतो. विंडोजवाल्यांनी इक्वलायझर एपीओ आणि त्यावर पीस नावाचं त्याच्या पट्ट्या दाखवणारं अॅप टाकायचं, दोन्ही फुकट. आयफोनच्या सेटिंगमधला इक्वलायझर अॅपल म्युझिकपुरताच आहे, त्यात तयार प्रीसेटच मिळतात, पण अॅक्सेसिबिलिटीमध्ये हेडफोन अकोमोडेशन्स म्हणून एक सोय आहे, ती ज्या हेडफोनला चालते त्याला सगळ्या अॅप्ससाठी चालते. स्पॉटिफायचा स्वतःचा प्लेबॅक सेटिंगमध्ये सापडतो.

तयार दुरुस्ती सुरुवातीला वापरायला चांगली, पण डोळे झाकून नको. तुमचा कान कृत्रिम कानासारखा नसतो आणि साधारण ८ हजारच्या वर प्रत्येकाच्या कानाच्या आकाराप्रमाणे फरक पडतो. आणि दुसऱ्या कुणाची हातानं केलेली सेटिंग जशीच्या तशी उचलणं म्हणजे शेजारणीच्या मापाचा ब्लाउज घालण्यातला प्रकार. प्रीसेटच्या नावांनाही भुलू नका. एका अॅपमधला "क्लासिकल" दुसऱ्या अॅपमध्ये भलतंच काहीतरी असतो.

तंबोरा लावा

इथं माझा आवडता भाग. कान लावायला लोक इंग्लिश गाणी सुचवतात, ती ऐकत असाल तर जरूर वापरा, पण आपल्या घरापासून दहा किलोमीटरवर जगातलं एक उत्तम टेस्ट सिग्नल तयार होतं. मिरजेचा तंबोरा. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं, पण गाणाऱ्यांना ते आधीपासून माहीत होतंच.

कधी सतारमेकरांच्या दुकानात उभं राहून जवारी, म्हणजे तारेची ती झिरमिर गुंज, लावताना बघा. घोडीच्या वर, तारेच्या खाली, एक सुती दोरा असतो. कारागीर तार छेडतो, दोरा केसभर पुढं सरकवतो, पुन्हा छेडतो, मान एका बाजूला, डोळे कुठंतरी लांब. दोरा चुकीच्या जागी असेल तर तार नुसती टंग करते आणि विझते. जागेवर आला की तीच तार एकदम उलगडते, एका सुरातून वरचे दहा सूर बाहेर येतात आणि सावकाश खाली उतरतात. तार तीच, ताण तोच, फक्त वरच्या अंशांचं प्रमाण बदललं. त्या कारागिराला कुणी म्हणत नाही की तू मूळ आवाजात ढवळाढवळ केलीस.

तर करायचं काय. खऱ्या तंबोऱ्याचं चांगलं रेकॉर्डिंग घ्या, काळी एकचं (सा म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी), पुरुषी पट्टीचं, पंचमात लावलेलं. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याच्या अॅपचं नको. यात पंचम साधारण १०४ हर्ट्झ, जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन सारख्या तारा १३९ च्या आसपास आणि खर्ज, सगळ्यात खालचा सा, ६९. डोळे मिटा आणि चार गोष्टी ऐका.

खर्ज छेडला की तो तार म्हणून ऐकू येतोय का नुसता ढूम म्हणून? ढूम असेल तर खालचा पट्टा फुगलाय, १०० च्या खाली काप हवा. चारही तारा साधारण एका वजनाच्या वाटतात का एखादीच पुढं येऊन बसते? जोडच मोठा वाटत असेल तर १४० च्या आसपास फुगवटा आहे. मग जवारी, ती मऊ झिरमिर वाटायला हवी, पत्र्यावर वाळू पडल्यासारखी सर्रसर्र आली तर ३ ते ६ हजारमध्ये जास्त झालंय, आणि अजिबातच नसेल, नुसती गुणगुण असेल, तर तोच भाग कमी आहे.

चौथी गोष्ट म्हणजे स्वयंभू गंधार. तंबोरा नीट लागलेला असला की कुणी न छेडलेला गंधार त्यातून आपोआप ऐकू येतो, तो खर्जाच्या तारेचा पाचवा अंश, ६९ पाचे साधारण ३४५ हर्ट्झ. तुमच्या हेडफोनचा २०० ते ३०० चा भाग चिखलासारखा झालेला असेल तर हा गंधार बुडतो. तिथं दोन-तीन डीबी कापले आणि गंधार वर तरंगून आला की समजायचं बरोबर जागी हात पडला. मला तरी यापेक्षा चोख चाचणी माहीत नाही, आणि फुकट आहे.

तंबोऱ्यानंतर तुमच्या रोजच्या ऐकण्यातली तीन गाणी घ्या, पाठ असलेली. एक आवाजप्रधान, एक ढोलकी किंवा तबला ठळक असलेलं, एक आजकालच्या गच्च मिक्सिंगचं. गाणं कुठलं हे महत्त्वाचं नाही, ते तुम्ही वेगवेगळ्या ठिकाणी ऐकलेलं असावं, टीव्हीवर, गाडीत, लग्नात, एवढंच.

आता काप

ऐकताना जे खटकतं ते कुठं सापडेल याचा अंदाज हवा. ६० च्या खालचं अंगाला जाणवतं, कानाला कमी, गणपतीतल्या डॉल्बीसमोर छातीत जे धडधडतं ते त्याच्या जरा वर-खाली. डग्ग्याचा घुमारा १०० च्या आसपास आणि खाली. १२० ते ३०० मध्ये पुरुषाच्या आवाजाचं शरीर, इथं जास्त झालं की गाणारा पांघरुणातून गातोय असं वाटतं. ३०० ते ६०० जास्त झालं तर डब्यातून आल्यासारखं. १ ते २ हजारमध्ये नाकातला, भोंग्यासारखा आवाज, पेटीचा आणि सनईचा त्रास इथंच. २ ते ५ हजार म्हणजे शब्द कळणं, माणसाचा कान इथंच सगळ्यात तिखट, कानाच्या नळीतच ३ हजारच्या आसपास नैसर्गिक वाढ होते, म्हणून इथं दोन डीबीसुद्धा खूप. मग "स-श" चा पट्टा, आणि १० हजारच्या वर टाळ-झांजेची हवा.

पद्धत अशी. जे खटकतंय त्याचा अंदाजे पट्टा घ्या, ती पट्टी ३ डीबी खाली करा, गाणं तसंच चालू ठेवून अर्धा मिनिट ऐका. बरं वाटलं तर ठेवा, नाहीतर शून्यावर. एका वेळी एकच पट्टी. चार पट्ट्या एकदम हलवल्या तर कुणी बरं केलं आणि कुणी बिघडवलं काही कळत नाही.

पॅरामेट्रिक असेल तर टोचणारा "स" शोधायची वेगळी युक्ती. टोन जनरेटर अगदी बारीक आवाजात ठेवा, खरोखर बारीक, आणि २ हजारपासून १० हजारपर्यंत सावकाश चढा. सूर हळूहळू कमी-जास्त होणारच, पण एका ठिकाणी सुई टोचल्यासारखा वर येईल. कानात घालायच्या बऱ्याच बड्सना असं टोक ६ ते ९ हजारमध्ये कुठंतरी सापडतं. समजा ६८०० ला सापडलं. तिथं ४ डीबीचा काप, क्यू ४ च्या आसपास. क्यू म्हणजे कापाची रुंदी, आकडा मोठा तितका काप अरुंद, १.४ म्हणजे साधारण एक सप्तक. नियम सोपा ठेवायचा, कापताना अरुंद चालतं, वाढवताना रुंद आणि थोडकं.

एक उदाहरण देतो. हजार-दीड हजारातले बड्स बहुतेक बास फुगवूनच येतात, दुकानात पाच सेकंदांत भारी वाटावेत म्हणून. अशा बड्सना मी साधारण इथून सुरुवात करतो: १२० च्या खाली लो शेल्फ (तिथून खालचं सगळं एकत्र कमी-जास्त करणारी सेटिंग) उणे ४, मग २५० ला उणे २ रुंद, आणि "स" जिथं सापडेल तिथं उणे ४ अरुंद. तीन काप, वाढ शून्य. पाच पट्ट्यांचाच फोन असेल तर ६० ला उणे ३, २३० ला उणे ३, बाकी शून्य, फार तर ३६०० ला अधिक १. पहिल्यांदा ऐकल्यावर "अरे बास गेला की" असं वाटणार, शंभर टक्के वाटणार. दोन दिवस तसंच ऐका, मग जुनी सेटिंग लावून बघा.

वाढवणारच असाल तर

डिजिटलमध्ये वर एक कमाल मर्यादा असते, शून्य डीबी. आजची गाणी मास्टरिंगमध्येच त्या मर्यादेला टेकवलेली असतात. तुम्ही ६० ची पट्टी ६ डीबी वर केली की लाटेचं टोक छताला आपटून सपाट होतं, आणि फाटका आवाज येतो. म्हणून प्रीॲम्प नावाची पट्टी असते, सगळ्यात जास्त वाढ जेवढी तेवढं प्रीॲम्प खाली. सगळ्यात मोठी वाढ ४ असेल तर प्रीॲम्प उणे ४. काप देणाऱ्यांना ही भानगडच नाही, हा त्यातला मोठा फायदा.

दुसरं, वाढ फुकट नसते. ३ डीबी म्हणजे दुप्पट ताकद, ६ म्हणजे चौपट, १२ म्हणजे जवळजवळ सोळापट. भडंगाच्या पुडीएवढ्या ब्लूटूथ स्पीकरला ४० हर्ट्झ वाजवता येतच नाही, तिथं १२ डीबी चढवून तो ४० वाजवणार नाही, एकतर फडफडेल नाहीतर आतला लिमिटर, म्हणजे आवाज मर्यादेत रोखणारी सोय, सगळंच गाणं दाबून टाकेल आणि तुम्हाला वाटेल आवाज कमी कसा झाला. मोठ्या सेटमध्ये अॅम्प्लिफायर दम तोडून क्लिप व्हायला लागला, म्हणजे लाटेची टोकं सपाट करायला लागला, की बळी जातो तो बिचाऱ्या ट्विटरचा, वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरचा.

खरंच बरं झालं का, हे तपासायचं

हे बहुतेक लोक करतच नाहीत. कान जरासा मोठा आवाज नेहमी "चांगला" समजतो, एखाद्या डीबीचा फरकसुद्धा पुरतो, आणि तो मोठा आहे असं वाटतच नाही, स्पष्ट आहे असं वाटतं. म्हणजे इक्वलायझर लावून आवाज एकूण वाढला असेल तर तुम्ही स्वतःला फसवताय. आधी चालू आणि बंद दोन्हीकडे एकूण आवाज सारखा करून घ्या, मग घरातल्या कुणाच्या तरी हातात फोन द्या, "दादा, मला न सांगता चालू-बंद कर" म्हणा आणि ओळखा. ओळखता आलं नाही तर ती सेटिंग उडवा, कशाला ठेवायची. ओळखता आलं आणि दरवेळी तुम्ही एकच निवडलं तर ती तुमची सेटिंग.

काही वेगळ्या वेळा

रात्री सगळे झोपल्यावर बारीक आवाजात ऐकता ना, तेव्हा बास वाढवणं अगदी रास्त आहे. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की आवाज बारीक झाला की कानाला खालचे सूर जास्तच कमी ऐकू येतात. जुन्या अॅम्प्लिफायरवर लाउडनेस नावाचं बटण असायचं ते याचसाठी. १०० च्या खाली अधिक ३ किंवा ४ आणि प्रीॲम्प तेवढंच खाली, ही सेटिंग "रात्र" नावानं वेगळी सेव्ह करा, आणि सकाळी ती काढा.

आई-आजोबा टीव्हीचा आवाज पन्नासवर नेतात आणि तरी "काय बोलतायत कळत नाही" म्हणतात, तिथं आवाज वाढवून उपयोग नसतो. वयाप्रमाणे वरचे सूर आधी जातात आणि व्यंजनं तिथंच असतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये बास दोन-तीन पायऱ्या कमी करा, २ ते ४ हजारचा भाग थोडा वाढवा, किंवा क्लिअर व्हॉइस असं काही असेल तर ते लावा. मात्र कुणाला एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं तर सेटिंगशी खेळत बसू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर गाठा.

जुन्या ७८ च्या तबकड्यांची रेकॉर्डिंग ऐकणाऱ्यांसाठी. मिरजेला राहिलेले अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ ला गेले, त्या काळच्या रेकॉर्डमध्ये साधारण ५-६ हजारच्या वर गाणं जवळजवळ नसतंच, असते ती खरखर. तिथून वर हाय शेल्फनं ६ ते ८ डीबी खाली केलं तर गाण्याचं काही जात नाही. त्याच्या खाली मात्र हात लावू नका, आवाजातला तो धारदार गोडवा तिथंच आहे. खरखर पूर्ण घालवायच्या नादात सूर पण मरतो.

गाडीत, हायवेला लागलात की टायरचा आणि वाऱ्याचा आवाज खालचे सूर खातो, पेठ नाक्यावरून कराडकडे ऐंशीनं निघालात की बास गायब. तिथं बास दोन-तीन पायऱ्या वाढवायला हरकत नाही, गावात शिरल्यावर कमी करा. गाडीच्या स्टिरिओवर लाउडनेस आधीच चालू आहे का ते बघून घ्या.

आणि आवाजाची पातळी. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा की मोठ्या माणसाला ८० डीबी आठवड्याला ४० तास चालतो, ९० झाला तर फक्त ४ तास. इक्वलायझरनं टोचणं काढलं की लोक नकळत व्हॉल्यूम वाढवतात, कारण आता त्रास होत नाही. व्हॉल्यूमच्या खुणेकडे लक्ष ठेवा.

सेटिंग जमली की स्क्रीनशॉट काढून स्वतःलाच व्हॉट्सअॅप करून ठेवा, त्यात हेडफोनचं नाव आणि कुठल्या मापाचं रबर लावलं होतं तेही लिहा. फोनचं अपडेट आलं की हे सगळं हमखास उडतं.